धुतलेला गालिचा आठ दिवसांत पुन्हा का मळतो? नवं केमिकल घेण्याआधी हे तपासा

लग्नसराईत ही तक्रार सगळीकडून येते. मंगल कार्यालयाचा लाल गालिचा धुऊन, वाळवून, गुंडाळून दिला. दोन कार्यक्रम झाले आणि मधली चालायची वाट पुन्हा काळपट पडली. बिछायत केंद्राचा मालक फोन करतो, "भाऊ, आत्ताच तं धुतला होता ना, मंग इतक्या लवकर काऊन मळला?" धुणारा पुढच्या खेपेला शाम्पू वाढवतो आणि गालिचा त्याहून लवकर मळतो. मालक म्हणतो धुलाईत कसर झाली, धुणारा म्हणतो दुकानदारानं हलका माल दिला. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. मळ काढायला घातलेलं केमिकलच गालिच्यात राहून गेलेलं असतं, आणि नवी धूळ तेच धरून ठेवतं.

यवतमाळ, वाशीम, अकोला, अमरावती या भागात तालुक्याच्या गावी गालिचे, सतरंज्या, मंडपाच्या मॅटी धुण्याचं काम करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मोठ्या शहरातल्या हॉटेलांसाठी लिहिलेली माहिती आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. आपलं पाणी वेगळं, माती वेगळी आणि डागही वेगळे.

आधी नेमकं काय परत आलं ते पाहा

"पुन्हा मळला" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो.

चालायच्या वाटेवर सगळीकडे सारखा करडा-काळा थर आला असेल, हात फिरवला की किंचित चिकट लागत असेल, तर ते शिल्लक राहिलेलं डिटर्जंट समजा. याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कारण दहातल्या बहुतेक तक्रारी याच असतात.

धुताना गेलेला चहाचा किंवा रश्श्याचा डाग वाळल्यावर त्याच जागी उगवला, तर डाग वरून गेला होता, बुडाशी तसाच होता. गालिचा वाळताना पाणी खालून वर चढतं आणि मळ सोबत घेऊन येतं. इथे केमिकल बदलून फरक पडत नाही. पाणी कमी वापरायचं, व्हॅक्यूमनं जास्त ओढायचं, आणि डागावर पांढरा जाड टॉवेल ठेवून वर वजन ठेवायचं. मग वर चढलेला मळ टॉवेलात उतरतो.

ज्यूटच्या पाठीचा किंवा सुती गालिचा वाळल्यावर पिवळट-तपकिरी पडला, तर तो जास्त वेळ ओला राहिला किंवा त्यात अल्कली, म्हणजे सोडा-कॉस्टिकचा अंश, राहिली. लिंबूसत्त्वाच्या पातळ पाण्यानं हे बऱ्याच अंशी उतरतं. पांढरी भुकटी दिसली, धागे कडक झाले, तर पाण्यातले क्षार आहेत. आणि कुबट वास आला तर वाळवायला उशीर झाला. साधारण चोवीस तासांच्या आत गालिचा पुरता वाळला नाही की बुरशीला वाव मिळतो. त्यावर सुगंधी फिनेल शिंपडून उपयोग होत नाही. वास दोन दिवस दबतो आणि फिनेलचा चिकटपणा मागे राहतो.

शिल्लक शाम्पूची परीक्षा

मळलेल्या वाटेचा हातभर तुकडा निवडा. आधी तो कोरडाच झटका किंवा व्हॅक्यूम करा. त्यावर पेलाभर कोमट, साधं पाणी टाका, काहीही न मिसळता. स्वच्छ ब्रशनं दहा-बारा वेळा घासा. फेस आला तर तो फेस आज टाकलेल्या कशाचाही नाही, मागच्या धुलाईचा आहे. पांढऱ्या फडक्यानं तो टिपा आणि फडकं बोटांत चोळा. बुळबुळीत लागलं तर शंका ठेवायचं कारण नाही.

अशा गालिच्याला पुन्हा शाम्पू लावू नका. आत आहे तोच बाहेर काढायचा आहे. धूळ पूर्ण काढा, कोमट पाण्यात थोडं लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक अॅसिड घाला, 10 लिटरला 5 ते 10 ग्रॅम. ते पाणी फवारा, ब्रश फिरवा आणि वेट व्हॅक्यूमनं ओढून घ्या. टाकीत येणाऱ्या पाण्यावर फेस दिसत राहील तोवर हेच करायचं. फार जुना थर असेल तर एका दिवसात हे होत नाही. मधे वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. मालकाला हे आधीच सांगून ठेवा आणि या धुलाईचा दर वेगळा लावा, कारण यात केमिकल नगण्य लागतं पण मेहनत दुप्पट असते.

पाण्याकडे कुणी पाहत नाही

आपल्याकडे धुलाई बोअरच्या पाण्यावर होते आणि ते बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे कठीण असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आपल्या कित्येक बोअरचं पाणी या दोन आकड्यांच्या मधेच कुठेतरी असतं. अशा पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जुळला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरी साय बसते ती हीच. गालिच्यातही ती बसते, फक्त दिसत नाही. डिटर्जंटवर साबणाइतका परिणाम होत नसला तरी त्याचा बराच भाग पाण्याशी झुंजण्यातच जातो, म्हणून फेस येत नाही आणि धुणारा आणखी ओततो.

टीडीएस मीटरचा आकडा म्हणजे कठीणपणा नव्हे. तो पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून दाखवतो. थेंब टाकून रंग बदलणारी कठीणपणाची किट मिळते, ती घ्या. नाहीतर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एक बाटली देऊन या. पाणी जड निघालं तर असं केमिकल मागा, ज्यात कठीणपणा बांधून ठेवणारा घटक आधीच घातलेला आहे. लेबलवर ईडीटीए, सोडियम सायट्रेट, पॉलिफॉस्फेट यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं.

खारपाणपट्ट्यात गोष्ट वेगळी आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या गावांत, भूजल खारं असतं. पाण्यातला खार कुठल्याही सॉफ्टनरनं गायब होत नाही. पाणी उडून जातं आणि मीठ धाग्यात राहतं. तिथे धुलाई बोअरच्या पाण्यावर करा, पण शेवटचं खंगाळणं नळयोजनेच्या, टँकरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर करा. टँकरचा खर्च वाटून गालिच्यामागे फार पडत नाही. महिन्यात पुन्हा धुवायला आलेला गालिचा त्याहून महाग पडतो.

केमिकल कसं पारखायचं

दुकानात दोन गोष्टींना लोक भुलतात, दाटपणा आणि फेस. सुट्ट्या लिक्विडचा दाटपणा बहुधा साध्या मिठानं आणलेला असतो. डिटर्जंटच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात मीठ घातलं की ते मधासारखं जाड होतं. त्यानं ताकद वाढत नाही, गालिच्यात क्षार मात्र वाढतो. फेसाचंही तेच. जास्त फेस व्हॅक्यूमच्या टाकीत भरतो, मोटरपर्यंत जातो, आणि धुऊन निघायला दुप्पट पाणी मागतो.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती स्टीलच्या ताटलीची परीक्षा. विकत घेण्याआधी दुकानदाराकडून वाटीभर नमुना मागा. लेबलवर सांगितलंय तितकंच पाणी घालून तयार करा, ताटलीत दोन चमचे ओता, धूळ बसणार नाही अशा जागी उन्हात ठेवा. वाळल्यावर बोट लावून पाहा. थर काकवीसारखा बोटाला धरला, तर गालिच्यातही तो तसाच राहणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाची माती धरणार. थर कोरडा झाला, नखानं खरवडल्यावर पापुद्रे किंवा भुकटी होऊन निघाला, तर तो व्हॅक्यूमनं निघून जाईल. गालिच्यासाठी बनवलेले चांगले शाम्पू असेच वाळतात. भांड्यांचं लिक्विड, हँडवॉश, गाडी धुण्याचा शाम्पू या परीक्षेत टिकत नाहीत, कारण ती त्या कामासाठी बनलेलीच नसतात. दोन केमिकलं शेजारी-शेजारी ताटलीत वाळवली की दुकानदाराला काही सांगावंच लागत नाही.

कपड्यांची वॉशिंग पावडर गालिच्याला वापरू नये, याचं आणखी एक कारण आहे. तिच्यात कपडे पांढरे दिसावेत म्हणून चमक देणारी रसायनं घातलेली असतात. ती गालिच्यातून पूर्ण निघत नाहीत आणि काळानं उन्हात पिवळी पडतात. हलक्या रंगाचा गालिचा कायमचा डागाळतो.

दुसरी परीक्षा पीएच पट्टीची, म्हणजे केमिकल किती आम्ल किंवा किती अल्कली आहे ते दाखवणाऱ्या कागदी पट्टीची. सिंथेटिक गालिच्याला फवारायचं केमिकल तयार झाल्यावर 8 ते 10 च्या दरम्यान असावं, लोकरीच्या गालिच्याला 8 च्या आत. अॅसिड स्लरी (डिटर्जंटचा कच्चा माल) आणि कॉस्टिक सोडा मिसळून स्थानिक पातळीवर बनवलेल्या लिक्विडचा पीएच दर खेपेला बदलतो. म्हणून नवीन कॅन उघडला की पट्टी बुडवायचीच, मागचा कॅन चांगला निघाला असला तरी.

आता पैशाचं. कॅनवरची किंमत पाहू नका, तयार पाण्याची किंमत काढा. समजा एक लिक्विड 60 रुपये लिटर आहे आणि ते एकास आठ पाण्यात वापरायचं आहे. म्हणजे एका लिटरचं नऊ लिटर झालं, तयार लिटरला 6 रुपये 67 पैसे पडले. दुसरं 300 रुपये लिटर आहे, पण एकास साठ. एकाचं एकसष्ट लिटर झालं, तयार लिटर 4 रुपये 92 पैशाला पडलं. महाग दिसणारा कॅन स्वस्त निघाला. त्यात पहिल्याला खंगाळायला लागणारं जास्तीचं पाणी, वीज आणि माणसाचे तास तर धरलेलेच नाहीत. मात्र हा हिशेब मापानं घातलं तरच खरा ठरतो. एकास साठसाठी 10 लिटर पाण्यात सुमारे 165 मिलि लागतं. बुचानं किंवा अंदाजानं ओतणाऱ्या माणसाच्या हातात हेच केमिकल दुप्पट महाग पडतं आणि गालिचाही चिकट होतो. शेडमध्ये शंभर-दोनशे मिलिचं प्लास्टिकचं माप दोरीनं टांगून ठेवा.

धागा ओळखल्याशिवाय काहीही ओतू नका

कडेचे दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. हे काम केमिकलपासून दूर करा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरडली, तर लोकर. कागदासारखं जळून मऊ राख झाली, तर सूत. वितळून कडक मणी झाला, तर सिंथेटिक. त्यातही न पेटवलेला धागा साबणाच्या पाण्यात बुडवून सोडल्यावर वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, तळाशी गेला तर बहुधा पॉलिएस्टर किंवा नायलॉन. मंडपाच्या पातळ मॅटी बहुतेक पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्या अल्कलीला टिकतात. पण पॉलिप्रॉपिलीन तेल धरून ठेवतं, त्यामुळे जेवणाच्या पंगतीखालची मॅट चांगल्या डिटर्जंटशिवाय निघत नाही.

लोकरीला धुण्याचा सोडा, कॉस्टिक, कढत पाणी, जोरदार घासणं, यांपैकी काहीच सोसत नाही. धागे आटतात, जमतात, रंग सुटतो. कुणाच्या वाड्यातला जुना लोकरी गालिचा आला, तर आधी मागच्या बाजूला तयार केमिकलचे चार थेंब टाकून पांढरं फडकं दोन मिनिटं दाबून धरा. फडक्यावर रंग आला तर काम घेऊ नका. नाहीतर मालकाला तसं स्पष्ट सांगून, फक्त साध्या थंड पाण्याच्या ओल्या फडक्यावर भागवा.

आणि कुठलाही धागा असो, पाणी लावण्याआधी माती काढा. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, हे शेतातून येणाऱ्याला शिकवायला नको. कोरडी असताना ती झटकून, दांड्यानं बडवून, व्हॅक्यूमनं निघते. तीच ओली केली की धाग्याच्या बुडाशी चिखल होतो आणि तो काढायला कितीही केमिकल अपुरं पडतं. बडवण्यात गेलेला अर्धा तास केमिकलचा निम्मा खर्च वाचवतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडचे डाग

हळदीला साबण लावला की लाल होते, हे घरातल्या बाईला माहीत असतं. गालिचा धुणारा मात्र घाईत हळदीच्या कार्यक्रमानंतरची मॅट सरळ सोड्याच्या पाण्यात टाकतो. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो आणि पसरतो. तसं झालंच असेल तर लिंबूसत्त्वाचं पातळ पाणी टिपून लावा, डाग पुन्हा पिवळा होतो. मग पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बाहेरून आत टिपत जा, कारण हा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलात विरघळतो. जवळ चूल, गॅस, बिडी नको. जे उरेल ते उन्हावर सोडा. हळद उन्हात उडते, आणि ऊन आपल्याकडे कमी नाही.

कुंकवाला पाणी लावायची घाई करू नका. कोरडंच उचला, आधी व्हॅक्यूमनं, मग चिकटपट्टीनं. बाजारच्या कुंकवात रंग असतो, तो ओला झाला की वीतभर पसरतो.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आणि पान यांचे डाग गरम पाण्यानं आणि सोड्यानं पक्के होतात. सुपारी, कात, चहा यांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य अल्कलीत गडद होतं. वरचं खरवडून घ्या, थंड पाण्यानं टिपा, मग लिंबूसत्त्व लावा. तरीही पिवळट सावली राहिली तर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही कोपऱ्यात रंगाची चाचणी घेऊन. मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बऱ्याचदा 6 टक्क्यांची असते, तेव्हा लेबल वाचा आणि 6 टक्क्यांची असेल तर तितकंच पाणी घाला.

तर्रीचा डाग म्हणजे तेल, हळद आणि तिखट एकत्र. आधी टाल्कम पावडर टाकून तेल शोषून घ्या, मग सौम्य, पीएच 7 च्या आसपासचं डिटर्जंट, मग अल्कोहोल. क्रम उलटा केला तर तेल पसरतं. मंडपातल्या लोखंडी खुर्च्यांच्या पायांचा गंज असेल तर लिंबूसत्त्व पाच टक्क्यांपर्यंत घट्ट करून काही मिनिटं ठेवा आणि भरपूर धुऊन काढा. गंजावर ब्लीच लावू नका, तो आणखी पक्का होतो.

शेडमध्ये काय नसावं

तेलाच्या डागावर पेट्रोल आणि रॉकेल वापरायची पद्धत अजून आहे. पेट्रोलची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते, आणि व्हॅक्यूमच्या मोटरची एक ठिणगी पुरते. शिवाय त्यानं गालिच्याच्या पाठीचा लॅटेक्स, म्हणजे थर चिकटवणारं रबर, विरघळतो आणि थर सुटतात.

ब्लीच आणि टॉयलेट किंवा फरशी साफ करायचं अॅसिड एकाच कपाटात ठेवू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. ब्लीचनं लोकर आणि रेशीम अक्षरशः विरघळतं. फिनेल किंवा जंतुनाशक शाम्पूत मिसळू नका. बरीच जंतुनाशकं शाम्पूच्या विरुद्ध विद्युतभाराची असतात, दोन्ही एकमेकांना निकामी करून चिकट गाळ सोडतात. वापरायचंच असेल तर गालिचा पूर्ण खंगाळल्यावर, वेगळं. आणि लिंबूसत्त्व असो की दुसरं कुठलं अॅसिड, पाण्यात अॅसिड टाकायचं, अॅसिडवर पाणी नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा मजुरांना तुमच्या पैशानं द्या. बिनमोज्यांचे हात सोड्यानं कसे फाटतात, ते संध्याकाळी त्यांना जेवताना पाहिलं की कळतं.

यापेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती फवारणी पंपाची. शेतात वापरलेला पाठीवरचा पंप धुऊन त्यातूनच शाम्पू फवारणारे लोक आपल्याकडे आहेत, कारण पंप घरातच असतो. असं कधीही करू नका. टाकी, नळी, नोझल यांत कीटकनाशकाचा अंश राहतो आणि त्याच गालिच्यावर लहान लेकरं रांगतात, पंगतीत माणसं हात टेकवून बसतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. गालिच्यासाठी नवा पंप घ्या, त्याला लाल ऑइल पेंटचा पट्टा मारा आणि तो शेतावर नेऊ देऊ नका. केमिकलही कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. रिकामा कॅन भोक पाडून मगच भंगारात द्या, नाहीतर तो कुणाच्या तरी घरी पाण्याला लागतो.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. मे महिन्यात फवारलेलं केमिकल पाच मिनिटांत वाळतं आणि वाळलं की धाग्यावर बसतं. ते भिजलेलं राहून पाच-दहा मिनिटं काम करायला हवं. पहाटे किंवा सावलीत काम करा, एका वेळी दहा बाय दहा फुटांहून मोठा तुकडा घेऊ नका. पावसाळ्यात उलट असतं. तेव्हा पाणी निम्म्यावर आणा, व्हॅक्यूमचे फेरे वाढवा, गालिचा बांबूवर पसरून दोन्ही बाजूंनी पंखे लावा. आणि आकाश भरून आलेलं असताना लोकरीचं काम घेऊच नका.